चाळीस अंशांतली बाटली

मुलाखतीला जाताना मी पदवीचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, ती पिशवी कापडी पिशवीत घातली आणि सगळं गाठोडं छातीशी धरून गेले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि पास होऊन बाहेर आलेलीही मीच पहिली. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते, कारण मला सांगायला आवडतं. पण समोरच्या माणसाने त्या गाठोड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्याने टेबलावर काचेच्या तीन बुटक्या बाटल्या सरकवल्या आणि म्हणाला, "हुंगा."

पहिलीत वेलची होती, ती मी ओळखली. दुसरीत लवंग होती, तिला मी दालचिनी म्हणाले. तिसरीला नाक लावून बराच वेळ बसले.

"याला वास नाही," मी म्हणाले.

"नीट हुंगा. तुमच्या आधी चौघं येऊन गेले. चौघांनाही गुलाब आला."

"त्यांना आला असेल. मला नाही येत."

"बीएस्सी ना तुम्ही?"

"हो. केमिस्ट्री. फर्स्ट क्लास."

"क्लास मी विचारला नाही." त्याने ती तिसरी बाटली उचलली आणि सरळ पिऊन टाकली. "पाणी आहे. तुमचं नाक मध्यम आहे. सोमवारपासून या."

त्या चौघांपैकी दोघं एमएस्सी होते, असं मला पुढे कळलं. इतका आनंद मला निकालाच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

हे आमचे साहेब. नाव लिहीत नाही. लिहिलं तर ते फोन करतील आणि बाकीच्या मजकुरातल्या चुका काढतील. हल्ली ते कोकणात गावी असतात आणि शेजारच्या काजूवाल्याला वासावरून सल्ले देतात. सल्ला त्याने मागितलेला नाही, ही गोष्ट साहेबांच्या लेखी किरकोळ आहे.

सिल्वासाजवळ सायलीला आमचा कारखाना. खोकल्याचं सिरप, पोटाचं सिरप, पोरांचं जंताचं सिरप आणि या सगळ्यांना पोसणारं द्राक्षासव, असा आमचा माल. साहेब तपासणीच्या लॅबचे प्रमुख. सकाळी गेटातून आत येताना ते थांबायचे, मान वर करायचे आणि वॉचमनला सांगायचे, "तीन नंबरच्या टाकीत गूळ लागलाय." त्यात आपला काय गुन्हा, हे त्या वॉचमनला शेवटपर्यंत कळलं नाही. तो आपला सलाम ठोकायचा. तासाभराने तीन नंबरच्या टाकीत गूळ खरंच लागलेला निघायचा.

लॅबमध्ये तेल, अत्तर, गजरा बंद. दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, पण उदबत्ती दाराबाहेर. "देवाला बाहेरूनही आशीर्वाद देता येतो," साहेब म्हणायचे, "आत नमुने आहेत." दुपारी जेवायला दहीभात, बिनमिठाचा. लोणच्याची फोड कुणी पुढे केली तर म्हणायचे, "जीभ ड्यूटीवर आहे." चार वाजता ड्यूटी संपली की हाच माणूस टोकरखाड्यातल्या घरी जाऊन सुक्या बोंबलाची चटणी खायचा. त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना रोज संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्या लागत.

आलेल्या माणसाला ते नमस्कार करत नसत. हुंगत. "आज मेथी," असं मला तोंडावर सांगायचे. माझी माय धुळ्याकडची, आमच्या घरी मेथी आठवड्यातून चारदा. मग मी मंगळवारी मुद्दाम बेसन नेलं, तर म्हणाले, "बेसन. तव्याला कालची मेथी."

प्रॉडक्शनचे प्रमुख वापीहून यायचे. सगळे त्यांना भाई म्हणत. भाई आणि साहेब यांचं भांडण हा आमच्याकडचा कायमचा कार्यक्रम होता, तिकीट न काढता बघायचा.

"साहेब, पास करी दो ने. मामूली वास छे."

"मामूली वास आहे, म्हणून मामूली नापास आहे."

"अरे पण पब्लिक सूंघून थोडीच पिते? नाक दाबून पिते."

"तेच म्हणतो. नाक दाबून प्यायला लागेल असं बनवता कशाला?"

साहेबांची दोन वाक्यं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पाठ करावी लागत. पहिलं, "नाक म्हणेल ते हाताने लिहा, मधे डोकं घालू नका." दुसरं, "मानवी चूक हे कारण नव्हे." एखादी गडबड झाली की चौकशीचा कागद भरायचा असतो. त्यात शेवटी मूळ कारण लिहायचं. सगळ्या कारखान्यांत सगळे लोक तिथे एकच लिहितात, मानवी चूक. साहेब तो कागद परत फेकायचे. "मानवी चूक काय? इथे काय बैल कामाला आहेत? माणूस का चुकला ते लिहा."

तिसरं वाक्य नंतर आलं. माझ्या नोकरीच्या पहिल्याच मार्चनंतर. "न बघता केलेली सही म्हणजे अंगठा." हे ते रोज म्हणू लागले. सही करताना म्हणायचे, चहा पिताना म्हणायचे, आणि मला वाटायचं की माझ्याकडे बघूनच म्हणतात. वाटायला माझ्याकडे कारण होतं. त्याच्याकडे येते.

आधी बाटली.

सिल्वासात दारू न पिणाऱ्या माणसाकडे लोक काळजीने बघतात. पलीकडे गुजरात, तिथे बंदी. त्यामुळे शनिवार आला की तिकडची सगळी तहान गाड्या करून आमच्याकडे येते. गावात वाण्याची दुकानं जास्त की दारूची, यावर पैज लागू शकते. अशा गावात साहेब थेंबालाही शिवत नसत. भाई त्यांना दर शनिवारी विचारायचे, "लिव्हरना प्रॉब्लेम छे?" आणि ह्या माणसाने कारखान्यात, दारू आणायला सक्त मनाई असलेल्या कारखान्यात, एक अख्खी इटालियन वाईन एकवीस वर्षं सांभाळली होती.

ती त्यांना इटलीच्या एका इंजिनीअरने दिली. बाटल्या भरायचं नवं मशीन बसवायला तो आला होता, दोन महिने राहिला. जाताना त्याने ही बाटली साहेबांच्या हातात ठेवली आणि दोन गोष्टी सांगितल्या: आडवी ठेव, थंड जागी, आणि दहा वर्षांनी पी, त्याहून जास्त थांबू नकोस. साहेबांनी दोन्ही नीट ऐकल्या आणि एकही पाळली नाही. आमच्या लॅबमध्ये बाटली आडवी म्हणजे गळती, गळती म्हणजे नापास. त्यामुळे ती उभी राहिली. आणि थंड जागा म्हणून त्यांनी निवडलं पंचवीस अंशांचं चेंबर.

हे चेंबर म्हणजे कपाटाएवढा फ्रीज, पण गारव्यासाठी नव्हे. प्रत्येक औषधाच्या थोड्या बाटल्या त्यात वर्षानुवर्षं एकाच तापमानाला ठेवायच्या आणि माल किती टिकतो ते अधूनमधून काढून तपासायचं. तशी दोन चेंबर शेजारी शेजारी होती, दिसायला जुळी. डावं पंचवीस अंशांचं, उजवं चाळीसचं. चाळीसमध्ये माल मुद्दाम तापवतात, म्हणजे तो लवकर म्हातारा होतो आणि दोन वर्षांनी काय होणार ते सहा महिन्यांत कळतं. आमच्या धंद्यात हा हिशेब सगळे धरतात.

तर डाव्या चेंबरमध्ये, खालच्या फळीवर, मागे, ती काळपट हिरवी बाटली. वर साहेबांच्या अक्षरात लेबल: "नमुना. उघडू नये." बाटलीवर द्राक्षांचं जे साल छापलं होतं, त्याच साली माझं नाव पहिलीत घातलं होतं. कुणी दारू म्हटलं तर साहेब चिडायचे. "दारू बाहेर मिळते. हा नमुना आहे."

उघडायची कधी, याची त्यांनी स्वतःच अट घातली होती. ज्या वर्षी एकही बॅच नापास होणार नाही, त्या वर्षीच्या एकतीस मार्चला. दर एकतीस मार्चला ते नापासांचं रजिस्टर काढायचे, चष्मा लावून बघायचे. चार नापास. पुढच्या वर्षी सहा. मग चेंबर उघडून बाटली बघायचे, धूळ पुसायचे, परत ठेवायचे. "पुढच्या वर्षी."

आता त्या बॅचेस नापास कोण करत होतं? हेच. एका वर्षी तर मार्चच्या अठ्ठावीस तारखेपर्यंत रजिस्टर कोरं होतं. आख्खा कारखाना श्वास रोखून. भाईंनी चिवडासुद्धा मागवून ठेवला होता. एकोणतीसला साहेबांनी द्राक्षासवाचा नमुना तोंडात घोळवला, थुंकला आणि म्हणाले, "मनुका जुन्या वापरल्यात." नापास. भाई दारात उभे राहून म्हणाले, "साहेब, तमे खुद ज तमारी बाटलीचे दुश्मन छो." तो चिवडा आम्ही एप्रिलभर खात होतो.

माझा गुन्हा माझ्या पहिल्याच वर्षीच्या एप्रिलमधला. मी तेव्हा प्रोबेशनवर होते. सहा महिने नीट काम केलं तर कायम, नाहीतर घरी. घरी म्हणजे नाना, माझे वडील, सायलीतच धाग्याच्या कारखान्यात बारा तास उभे असायचे. आणि माय, जी शेजारणींना सांगायची की आमनी पोर साहेबना हाताखाल शे.

चेंबरचं सर्व्हिसिंग होतं. दोन्ही रिकामी करायची, मेकॅनिक येणार, मग सगळं यादीप्रमाणे जागेवर. काम मला दिलं. मी यादी हातात घेऊन एकेक नमुना लावला, टिक केली, लावला, टिक केली. शेवटी टेबलावर ती बाटली उरली. यादीत ती नव्हतीच, कारण ती खरा नमुना नव्हतीच. डावं चेंबर मी गच्च भरून बसले होते. उजव्यात मागे एक उंच बाटली मावेल एवढी जागा होती. तिथे ठेवली, उद्या नीट लावू म्हणून. रजिस्टरमध्ये लिहिलं, "सर्व नमुने जागेवर ठेवले." सही केली. साहेबांनी खाली "तपासले" लिहून सही केली. तो उद्या आला तेव्हा ऑक्टोबर होता.

ऑक्टोबरमध्ये चाळीसचे नमुने काढायला गेले आणि बाटली दिसली. हातात घेतली तर आंघोळीच्या पाण्यासारखी कोमट. बूच केसभर वर आलेलं. लेबलावरून एक तांबडा ओघळ. बाटली पुसली. डाव्या चेंबरमध्ये नेऊन ठेवली. आजूबाजूला बघितलं. आणि गप्प बसले.

पुढच्या मार्चला साहेबांनी नेहमीप्रमाणे चेंबर उघडलं, बाटली पुसली, जरा जास्तच वेळ पुसली, आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी." त्यानंतर ते अंगठ्याचं वाक्य सुरू झालं.

मी कायम झाले. पगार वाढला. नाना रिटायर झाले. आणि आठ वर्षं दर एकतीस मार्चला मी देवाकडे एकच मागणं मागत होते: एखादी तरी बॅच नापास कर. देवाने माझं बरोबर ऐकलं. उदबत्ती बाहेर असूनही.

मग साहेबांच्याच रिटायरमेंटची तारीख आली. त्या वर्षीही तीन बॅचेस नापास होत्या, त्यातली एक मी केलेली. पण आता पुढचं वर्ष नव्हतं. साहेबांनी नोटीस बोर्डावर चिठी लावली: "शनिवारी दुपारी तीन वाजता नमुना उघडण्यात येईल. तपासणीस हजर राहावे. अत्तर लावून येऊ नये."

त्याच आठवड्यात ऑफिसातून कळलं की लॅबच्या प्रमुखपदासाठी साहेबांकडून एक नाव मागितलंय. उमेदवार दोघं. एक मी. दुसरे एक एमएस्सी, दोन वर्षांपूर्वी आलेले, इस्त्रीचे, मालकांच्या घरच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसणारे. मला ती खुर्ची हवी होती. उगाच साधेपणा कशाला दाखवू? नऊ वर्षं मी त्या लॅबमध्ये सगळ्यात आधी यायचे. मला दारावर माझं नाव आणि नावापुढे बीएस्सी हवं होतं, आणि ते वाचायला नानांना रिक्षा करून आणायचं होतं.

शुक्रवारी घरी सांगितलं की उद्या वाईन चाखायची आहे. माय ताट तसंच हातात धरून म्हणाली, "इतलं शिकीसन बाटल्या चाखाले जास का तू?" मी म्हटलं, "नोकरीचाच भाग आहे." नाना म्हणाले, "मंग तुना बाप बिना नोकरीनाच चाखे." मायने हातातलं ताट त्यांच्यापुढे जरा आपटूनच ठेवलं.

शनिवारी लॅबमध्ये पाचजण: साहेब, भाई, एमएस्सी, मी, आणि बूच काढायला मेंटेनन्सचे आबा. आबा जळगावचे, तीस वर्षं मशीनं खोलणारे. कारखान्यात सगळी हत्यारं होती, फक्त बूच काढायचं नव्हतं. आबांनी बुचात एक लांब स्क्रू फिरवला, पक्कडीने धरला आणि ओढला. स्क्रू आला. बूच आलं नाही.

"साहेब, हाई तं पार भुसा व्हई गया."

दुसऱ्यांदा ओढल्यावर अर्धं बूच वर आलं आणि अर्धं आत पडलं. इटलीत अशा वेळी काय करतात मला माहीत नाही. आम्ही फनेल घेतलं, त्यात फिल्टर पेपर घडी करून बसवला आणि वाईन गाळली. थेंब थेंब. वीस मिनिटं. साहेबांनी मोजपात्रातून मोजून चार बीकरमध्ये प्रत्येकी तीस मिली ओतली. आबांनी तुळशीच्या माळेकडे बोट दाखवून माफी मागितली.

मग साहेबांनी फॉर्म वाटले. द्राक्षासवाचेच. रंग, वास, चव, शेरा, तपासणाऱ्याची सही. "बोलायचं नाही. लिहायचं."

भाई बोललेच. एक घोट घेतला, डोळे मिटले. "वाह! साहेब, आ तो अमृत छे." त्यांचा उजवा गाल आंबट चिंच चावल्यासारखा आत गेला होता, पण बाकीचा चेहरा अमृताचा होता. एमएस्सींनी आदल्या दिवशी मोबाइलवर अभ्यास केला होता. त्यांनी बीकर गोल गोल फिरवला, त्यातली थोडी इस्त्रीवर सांडली, आणि लिहिलं: "उत्कृष्ट. चामडं, तंबाखू आणि जंगलाचा भास." औषध म्हणून हे लिहिलं असतं तर साहेबांनी कारखाना बंद केला असता.

काच धुणारी मावशी दारात बादली घेऊन उभी होती. ती सुरंगी गावची, ताडीच्या झाडांखाली वाढलेली. भाईंनी ठेवलेला बीकर तिने उचलला, नाकाशी नेला आणि मला हळूच म्हणाली, "बाई, ही तर दुपारची ताडी." पहाटे उतरवलेली ताडी गोड असते. दुपारपर्यंत ती आंबते आणि मग ती कुणी पाहुण्याला देत नाही. एमएस्सींच्या एका पानाचं तिने चार शब्दांत काम केलं.

मी माझा बीकर उजेडात धरला. रंग लाल नव्हताच. चिंचेच्या कोळासारखा तपकिरी, कडेला विटेच्या पाण्यासारखा. वासाला पावसात भिजलेलं खोकं, मग व्हिनेगर, मग उघड्या डब्यात राहिलेल्या मनुका. एक घोट घेतला. आधी आंबट, मग तुरट, मग काहीच नाही, जसं कुणी बोलता बोलता खोलीतून निघून जावं. आणि सगळं संपलं असं वाटल्यावर, थुंकून झाल्यावर, घशाच्या मागे कुठेतरी एक बारीक गोड वास आला. मी दुसरा घोट घेतला. परत आला. दोन सेकंद. देवघरात वाळून गेलेल्या गुलाबाच्या पाकळ्यांचा.

नाक म्हणेल ते हाताने लिहा. रंग, वास, चव, सगळं लिहिलं. शेवटी पाकळ्याही लिहिल्या. शेरा: नापास. इथपर्यंत सोपं होतं. नापास झालं की खाली एक ओळ असते, संभाव्य कारण. तिथे माझं पेन थांबलं. "जुनी झाली" एवढे दोनच शब्द लिहिले असते तर कुणी काही विचारलं नसतं. साहेब सोमवारी माझं नाव देणार होते, हे मला जवळजवळ ठाऊक होतं. एमएस्सींना त्यांनी दोन वर्षांत एकदाही हुंगलं नव्हतं.

पण लवंगेला मी दालचिनी म्हणाले होते, आणि पाण्याला 'वास नाही'. ह्या दुसऱ्या गोष्टीवर मला नोकरी मिळाली होती.

मी लिहिलं: "सर्व्हिसिंगच्या वेळी नमुना चुकून चाळीस अंशांत ठेवला गेला. सहा महिने तिथेच राहिला. ठेवणारी: मी. लक्षात आल्यावर लपवलं. का: प्रोबेशन." सही केली आणि कागद उलटा करून दिला.

साहेबांनी सगळ्यांचे फॉर्म घेतले. भाईंना आणि एमएस्सींना म्हणाले, "आभारी आहे. बाहेर समोसे आहेत." आबा समोशांच्या आधीच निघाले होते. मावशीने दार ओढून घेतलं. मग साहेबांनी माझा कागद सुलटा केला आणि वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"ऑक्टोबरात काढलंत?"

"हो."

"बूच वर आलं होतं?"

"केसभर."

"मला मार्चमध्ये दिसलं," साहेब म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बूच दिसलं, ओघळ दिसला. मी रजिस्टर काढलं. सर्व नमुने जागेवर ठेवले. वर तुमची सही. खाली 'तपासले'. ती कोणाची? नोकरीत एवढी वर्षं काढली, तेवढ्या एका दिवशी मी न बघता सही केली. चार वाजून गेले होते, मला बोंबील आठवत होते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्हाला बोललो असतो तर माझीही सही दाखवावी लागली असती."

आठ वर्षं रोज ऐकलेलं ते अंगठ्याचं वाक्य माझ्यासाठी नव्हतंच. मी त्याला उगाच घाबरत होते, आणि ते माझ्यासमोर स्वतःलाच झापत होते. एवढ्या मोठ्या लॅबमध्ये आम्ही दोघं एकाच बाटलीवर पाळत ठेवून, एकमेकांना चुकवत बसलो होतो. तपासणी खातं म्हणतात याला.

"साहेब, पुरी वाईन मी घालवली."

"थांबा. हिशेब करा. बीएस्सी ना तुम्ही?" त्यांनी पेन्सिल घेतली. "चाळीसला सहा महिने म्हणजे किती?"

"दोन वर्षं."

"तो इटलीवाला काय म्हणाला होता? दहा वर्षं. तुमचा हात लागला तेव्हा बाटलीला माझ्याकडे येऊन किती झाली होती?"

मी मनात मोजलं. "बारा."

"बारा. म्हणजे अगं, तू मेलेल्याला ताप आणलास."

नऊ वर्षांत ते मला पहिल्यांदाच अगं म्हणाले. मी हसले, ते हसले नाहीत. ते माझ्याच कागदाकडे बघत होते. दहाव्या वर्षीच्या मार्चला किती नापास होत्या, हे त्यांना रजिस्टर न काढता आठवत असणार. एखादीच असेल. तीही बहुतेक मनुकांवरूनच.

"हे पाकळ्यांचं काय लिहिलंयस? गुलाब?"

"वाळलेला. दोन सेकंद."

"नक्की?"

"दोनदा घेऊन बघितलं."

"मलाही आला," साहेब म्हणाले. बराच वेळ ते रिकाम्या बीकरमध्ये नाक घालून बसले. इतका वेळ त्यांनी द्राक्षासवालाही कधी दिला नव्हता.

मग त्यांनी माझ्या कागदावर खाली स्वतःच्या अक्षरात भरलं. मूळ कारण: उघडण्याची अट चुकीची. अट घालणारा: मी. प्रतिबंधक उपाय: यापुढे इटलीच्या माणसाचं ऐकावं. "तपासले" लिहिलं, आणि सही करायच्या आधी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बोट फिरवत, सगळं वाचून काढलं. उरलेली वाईन मावशीने विचारून घेतली. व्हिनेगर म्हणून चालेल का, असं तिने विचारलं होतं. साहेब म्हणाले, व्हिनेगर म्हणून पास.

सोमवारी साहेब नव्हते. मंगळवारी ऑफिसातून बोलावणं आलं. टेबलावर साहेबांचं पत्र होतं, फुलस्केपच्या वरच्या कडेला अडीच ओळी, बाकी पान कोरं. क्लार्क म्हणाला, "मॅडम, वाचल्याची सही करा इथे खाली. जल्दी, मला अजून चार कागद फिरवायचेत."

पत्रात लिहिलं होतं: "प्रमुखपदासाठी यांचं नाव देत आहे. नाक मध्यम. नसलेला गुलाब सांगत नाहीत, असलेला सोडत नाहीत. खरं लिहितात, पण उशिरा. त्यावर लक्ष ठेवावं."

मी खुर्ची ओढून बसले. क्लार्क दोनदा खाकरला. मी पत्र तीनदा वाचलं, मग सही केली.